दंड घातलेल्या लुगड्यावरचा काळा

एक जुनं, विटलेलं काळं लुगडं मी घरी पुन्हा रंगवतेय. त्याचं निळीचं काम संपलं, हिरडाही बसला. लोखंड किती द्यायचं यावर काम अडलं होतं, तेही आता सुटलंय, म्हणून सविस्तर लिहिते. जुन्या सुती कापडावर काळा रंग हवा असणाऱ्यांसाठी मुख्य गोष्ट आधीच सांगते: काळ्याचा सगळा भार निळीवर टाका, लोखंडाला अगदी शेवटी आणि अगदी थोडं बोलवा. नव्या मांजरपाटावर नुसता हिरडा आणि लोखंड मिळून सुरेख काळा येतो. वर्षानुवर्षं नेसून, आपटून धुतलेल्या सुताला तो झेपत नाही.

आधी लुगड्याबद्दल. इरकली नऊवारी आहे. अंग सुती, पदर आणि काठ चमकीचे, म्हणजे आर्ट सिल्कचे (रेयॉनचे). काठ गोमीच्या नक्षीचा, पदर लाल, त्यावर पांढरी नक्षी. लुगडं मधोमध विरल्यावर तेवढा भाग कापून, दुसऱ्या एका काळ्या लुगड्याचा चांगला तुकडा घेऊन दंड घातलेला आहे, म्हणजे शिवून जोड दिलेला आहे. आमच्या गल्लीतल्या एका आज्जींनी दिलं आणि देताना बजावलं, "रंगव, कायबी कर पोरी, पण ह्यो दंड माझ्या सासूनं घातलाय. त्यो तेवढा उसवू नगंस." उसवायचा प्रश्नच नव्हता. बारीक, एकसारखे टाके आहेत, आणि त्या टाक्यांमुळेच हे लुगडं मला हवंसं वाटलं. जुनी लुगडी कापून त्यांचे कुर्ते आणि जाकिटं शिवतात ते मला पटत नाही. कापडाची लांबी, काठाचं अखंडपण आणि पदराची कोंडी (अंग आणि पदर यांचा विणीतला सांधा) या तीन गोष्टींत इरकलीचं सगळं सौंदर्य आहे, आणि कात्री पहिल्यांदा तिथेच चालते. म्हणून हे लुगडं अखंड राहणार, भिंतीवर दांडीला लावून दोन्ही बाजूंनी दिसेल असं.

दंडाच्या दोन बाजूंचा काळा दोन तऱ्हांनी विटलाय. एका बाजूला घड्यांवर निळसर पांढरे पट्टे, दुसऱ्या बाजूला तपकिरी झाक. पहिल्या बाजूचा एक धागा ओढून चुन्याच्या गरम पाण्यात हायड्रोची (सोडियम हायड्रोसल्फाइटची) चिमूट टाकून बुडवला, तो पिवळा पडला आणि हवेत परत निळा झाला. म्हणजे नीळ. झाडाची की कारखान्याची हे यावरून कळत नाही, कारण रेणू एकच आहे आणि जर्मनीतली कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आहे. दुसरी बाजू सल्फर ब्लॅकची, म्हणजे कारखान्यातल्या गंधकाच्या काळ्या रंगाची असावी. या रंगाचा एक वाईट गुण ठाऊक असू द्या: वर्षानुवर्षं कपाटात राहिलेल्या कापडात त्यातल्या गंधकाचं हळूहळू आम्ल होतं आणि सूत कुजतं. काळं सुती कापड घडीवर पापडासारखं तुटत असेल तर पहिला संशय यावरच घ्यावा. असं कापड लिंबू-व्हिनेगरच्या जवळपासही नेऊ नये. उलट खडूच्या पुडीच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) पाण्यातून ते काढून घेतलेलं बरं.

धुण्याचं फार सांगत नाही. रिठ्याचं कोमट पाणी, सोड्याची उकळी अजिबात नाही. ओलं लुगडं हातात धरून उचलायचं नाही, जुन्या मच्छरदाणीवर पसरून मच्छरदाणीसकट उचलायचं. ओलं आर्ट सिल्क जवळजवळ निम्मी ताकद गमावतं, त्यामुळे पदराला तर हे फारच जपून. रंगवण्याआधी पदर गुंडाळून प्लास्टिकमध्ये बांधला आणि कोंडीच्या चार बोटं अलीकडे सुतळीने आवळला. कोंडीत अंगाचा एकेक ताणा पदराच्या ताण्याशी गुंतवलेला असतो. ती रेघ ओलीही होऊ नये अशी माझी इच्छा होती, आणि झाली नाही.

आता नीळ. नैसर्गिक रंगकाम करणाऱ्या आपल्यापैकी बरेच जण फळसाखरेची पद्धत वापरतात: एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज. कोल्हापुरात बसून फ्रुक्टोजची पाकिटं मागवायची मला लाजच वाटायची, म्हणून गुळावर बराच वेळ घालवला. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. आपला पिवळाधमक, खणखणीत गूळ खायला उत्तम आणि व्हॅटला, म्हणजे निळीच्या रंगपाण्याला, कमजोर. निळीचं क्षपण करून तिला पाण्यात विरघळवण्याचं काम ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात. चांगल्या कडक गुळात बहुतेक भाग सुक्रोज असतो, आणि सुक्रोज हे काम करत नाही. चुन्याच्या पाण्यात ते फुटून त्याचं ग्लुकोज-फ्रुक्टोजही होत नाही, त्याला आम्ल लागतं. पावसाळ्यात डब्यात पाझरून मऊ पडलेला गूळ बाजारात मार खातो, पण व्हॅटमध्ये तो कडक गुळापेक्षा जोरात चालतो. त्याहून सरस काकवी. काकवीचे खडे होऊ नयेत म्हणून गुऱ्हाळावर बऱ्याचदा सायट्रिक ॲसिड घालतात, आणि त्याने सुक्रोज फुटतं. आपल्याला नेमकं तेच हवं असतं. करवीर, पन्हाळा भागात गुऱ्हाळं सुरू असताना ओळखीच्या ठिकाणाहून कॅन भरून आणून ठेवा. मी फ्रुक्टोजच्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट काकवी घालते, व्हॅट ५० अंशांच्या आसपास ठेवते. वर तांबूस साय, खाली पिवळट हिरवं पारदर्शक पाणी दिसलं की तयार.

दोन बाजूंसाठी दोन पिंपं लावली. गरम चुना आणि साखर हे मिश्रण सल्फर ब्लॅकलाही थोडंफार विरघळवतं. नमुन्याच्या चिंधीतून हिरवट काळं पाणी सुटलेलं दिसलं, तेव्हा मुख्य पिंप त्यापासून दूर ठेवलं. त्या बाजूचं पिंप जरा थंडही ठेवलं. दोन्हीकडे पद्धत एकच: पातळ व्हॅट, छोट्या बुडी, मध्ये भरपूर हवा. गडद व्हॅटमध्ये एकदाच बुडवलं तर रंग सुताच्या वरवर बसतो आणि नंतर हाताला लागतो. पिंपाच्या तळाशी जाळीची टोपली उलटी ठेवली, नाहीतर चुन्याचा गाळ कापडाला चिकटतो. जुलैच्या हवेत दोन बुडींच्या मध्ये कापड वाळतच नाही, तरी हरकत नाही, हिरव्याचं निळं होण्यापुरती हवा मिळाली की पुरे. निळीच्या बाजूचं अंग फार लवकर गडद झालं. तपकिरी बाजू मागे राहिली आणि मी ती मागेच राहू दिली. दंडाच्या दोन्ही अंगांना दोन काळे दिसावेत, एक निळ्याकडे झुकणारा, एक मातीकडे.

नीळ आधी आणि हिरडा नंतर, हा क्रम उलटा करू नका. हिरड्यातलं टॅनिन चुन्याच्या पाण्यात टिकत नाही. नीळ पूर्ण झाली, चुना निघेपर्यंत पाणी बदललं, मगच हिरडा. आपल्याकडे राधानगरी, आजरा, शाहूवाडीच्या जंगलात हिरडा मुबलक आहे. रंगासाठी पूर्ण पोसलेलं फळ घ्या. दुकानात औषधासाठी मिळणारा बाळहिरडा महागही पडतो आणि आपल्या कामाचाही नाही. बी काढून वरचा गर कुटायचा, कारण टॅनिन गरात असतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावतात तेही याच हिरड्याने आणि बाभळीच्या सालीने. पापाच्या तिकटीला चपलांच्या दुकानांत शिरलं की जो तुरट वास येतो, तसाच थोडा वास आता माझ्या माळ्यावर दरवळतोय, आणि मला तो फार आवडतो. पदर सोडून अंगाचं वजन साधारण ५०० ग्रॅम भरलं, त्याला १०० ग्रॅम हिरडा. रात्रभर भिजवून, दोनदा गाळून, लुगडं त्यात मुरवून सावलीत आडवं वाळवलं. निळ्यावर हिरड्याने एक खोल, तेलकट हिरवट छटा येते. काही जण इथेच थांबतील, इतकी ती सुंदर असते.

लोखंडाकडे आले. गूळ आणि गंजके खिळे आंबवून केलेलं लोखंडाचं पाणी माझ्याकडे कायम मडक्यात असतं, नव्या कापडाला मी दुसरं काही वापरत नाही. पण त्यात लोखंड नेमकं किती आहे हे मोजता येत नाही, आणि इथे मोजणं गरजेचं होतं. लोखंड सेल्युलोजच्या ऑक्सिडेशनला गती देतं. वर हिराकशीतून (लोखंडाच्या सल्फेटमधून) आम्लही सुटतं. जुन्या कलमकारी आणि छिटाच्या कापडांवर काळ्या बाह्यरेषांच्या जागी नुसत्या चिरा उरलेल्या असतात, बाकीचं लाल-निळं शाबूत असतं, ते याच कारणाने. म्हणून हिराकस घेतलं, काट्यावर तोलून.

दंडाच्या आतल्या दुमडीतून सुटलेल्या चिंध्यांवर नमुने केले. नीळ न देता हिरडा आणि कापडाच्या वजनाच्या ४ टक्के हिराकस: काळा छान, चिंधी वाळल्यावर कडक, आणि ताणली तर करकरली. मध्यम निळीवर २ टक्के: राखाडी काळा, ठीक. गडद निळीवर हिरडा आणि फक्त १ टक्का: दुपारच्या उन्हात पहिल्या नमुन्याशेजारी ठेवला तर कोणता कोणता ते सांगता येत नव्हतं, आणि कापड मऊ राहिलं. लोखंड अजिबात न घालता गडद निळीवर तुरटी आणि मंजिष्ठही करून पाहिलं. त्याचा जांभळट काळा मला मोहात पाडत होता, पण पदराच्या लालशेजारी तो मळका दिसला. तो रंग एखाद्या खणाच्या चोळीसाठी राखून ठेवलाय.

तेव्हा ५ ग्रॅम हिराकस, भरपूर थंड पाणी, त्यात लुगडं सतत हलवत काही मिनिटं, की लगेच बाहेर. मग स्वच्छ पाणी, मग खडूच्या पुडीचं पाणी, परत स्वच्छ पाणी. खडूची पायरी गाळू नका, उरलेलं आम्ल तिथेच मरतं. वाळल्यावर काळा आला तो चंद्रकळेच्या आठवणीतला आहे: अंधारात काळा, खिडकीशी नेला की निळा. तपकिरी बाजू मात्र भिजलेल्या मातीसारखीच राहिली. मला हवी तशी.

टाक्यांचं काम आत्ता कुठे सुरू झालंय. विरलेल्या जागांखाली जुन्या धोतराचं मऊ कापड लावून वाकळेसारखा धावदोरा घालतेय, निळीतच रंगवलेल्या सुताने, म्हणजे लांबून टाके दिसत नाहीत आणि जवळून दिसतात. दंडाला हात लावलेला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून कसुतीची (धागे मोजून करायच्या कर्नाटकी भरतकामाची) एकेक ओळ येणार, गवंती टाक्यात. गवंतीला गाठ नसते आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, लटकणाऱ्या कापडाला दुसरी कसुती योग्य वाटत नाही. अंगाचं सूत उघडंबाघडं झालंय, त्यामुळे धागे मोजणं अवघड जातं. मोजायला भिंग आणि दिवसाचा उजेड लागतो, रात्री मी ते काम करत नाही.

हुपरीहून चांदीचे बारीक घुंगरू आणलेत, खालच्या काठासाठी. ते थेट लुगड्यावर टाकणार नाही. ओळीने टाकलेल्या घुंगरांचं वजन जुन्या काठाला काही महिन्यांत फाडून काढतं. आधी मागून सुती पट्टी, पट्टीला घुंगरू, आणि पट्टीचा भार वरच्या दांडीपर्यंत नेणाऱ्या दोन उभ्या फिती. कवड्यांचाही विचार होता, पण त्यांच्या भोकाची धार दोरा कापते, आणि प्रत्येक कवडी घासत बसण्याइतका तो परिणाम मला इथे आवश्यक वाटला नाही.

उरलेल्या हिरड्याच्या चोथ्यातून दुसरं पाणी काढलंय, फिकं आहे पण चांगलं आहे. त्यात एक पांढरं धोतर भिजतंय, जोतिबाच्या गुलालाचे डाग पडलेलं. डाग काढायचे नाहीत, त्यांच्याभोवती बांधणी बांधून मग झेंडूच्या पिवळ्यात टाकायचंय. दसऱ्याला घराघरातून निघणारी तोरणं त्यासाठी आत्तापासून सांगून ठेवलीत.