बाबराच्या बागेतली दोरी

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हणून निरोप आला. बाकीचे गणिताच्या नाहीतर इंग्रजीच्या सरांवर लिहिणार हे ठरलेलंच, म्हणून मी चित्रकलेच्या तासावर लिहितो.

तो तास म्हणजे वेळापत्रकातली फट. परीक्षा जवळ आली की दुसरे सर तो मागून घ्यायचे आणि आमचे चित्रकलेचे सर देऊनही टाकायचे. भरपाई मात्र शनिवारी शाळा सुटल्यावर. इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्यांना ते थांबवून घेत आणि स्मरणचित्र, संकल्पचित्र झालं की कपाटातून पुठ्ठ्यावर चिकटवलेली छापील चित्रं काढत.

त्यातलं एक बाबराचं होतं. १५०८-०९ च्या सुमारास त्याने आजच्या जलालाबादजवळ बाग-ए-वफा वसवली, त्या प्रसंगाचं. काटकोनात छेदणारे पाट, चार चौरस वाफे, कडेने डाळिंबं नि नारिंगं, भिंतीपलीकडे उघडे डोंगर.

"यातला राजा कोणता रे?" सरांनी विचारलं.

"काम न करणारा, सर!" मागून उत्तर आलं. वर्ग हसला, सर हसले नाहीत. "बरोबर. आता बाकीचे काय करतायत ते सांग."

मग आम्ही पाहायला लागलो. दोघांनी दोरी ताणून वाफ्याची रेघ धरलेली. एकाच्या हातात चौकटी आखलेली पाटी, म्हणजे बागेचा नकाशा. बाबर नुसता हुकूम देतोय. दारापाशी भेटीला आलेली मंडळी खोळंबलीत, कारण बादशहा वाफे आखण्यात गुंतलाय. दरबार, सिंहासन, तलवार यांतलं काहीच नसताना सत्ता कुणाची हे मात्र लख्ख कळतं.

चित्र बाबराच्या काळातलं नाही, हेही सरांनीच सांगितलं. बाबर गेला १५३० मध्ये. त्याच्या तुर्की आठवणींचं फारसी भाषांतर अब्दुर्रहीम खानखानाने १५८९ मध्ये अकबरापुढे ठेवलं आणि त्यानंतर अकबराच्या चित्रशाळेत बिशनदासाने रेखाटन केलं, नन्हाने चेहरे रंगवले. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आजोबांनी उजाड मुलुखात शिस्त आणली, हे नातू अकबराला जगाला दाखवायचं होतं. त्याला बाबरानेच आधार ठेवला होता. १५२६ मध्ये आग्र्याला आल्यावर इथे वाहतं पाणी नाही, बागा नाहीत, सगळं बेढब, अशी कुरकुर त्याने लिहून ठेवली. लगेच विहीर खणायला घेतली आणि यमुनेपलीकडे आखीवरेखीव बाग उठवली. जिंकलेल्या जमिनीवर आधी रेघ ओढायची, फुलं मागाहून!

पुढे मी भूमी अभिलेख खात्यात लागलो. जुन्या मोजणीची शंकू साखळी ३३ फुटांची; एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. मोजणीला गेलो की बांधावरची भावकी माझ्या तोंडाकडे बघत नसे, सगळ्यांचे डोळे साखळीच्या टोकावर. त्या चित्रातल्या दोरीवाल्यांचं महत्त्व मला तिथे पटलं. चित्रकारांनी त्यांना उगाच मधोमध घेतलेलं नाही.

आपल्या गावाला अशी बाग लांब नव्हतीच. बीबी का मकबरा सगळ्यांनी पाहिलेला, पण पाहतात तो घुमट. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ मध्ये वारली आणि तिच्या स्मरणार्थ हा मकबरा उभा राहिला. 'ताजची नक्कल' म्हणून नाकं मुरडायची आपल्याकडे पद्धतच आहे. (मला ती कधीच मान्य नाही. दख्खनच्या उन्हात पाटाकडेने एकदा चालून बघा.) आवार सुमारे ४५८ मीटर लांब, २७५ मीटर रुंद. भिंतीआड चारबाग, म्हणजे पाट-वाटांनी चार भाग केलेली बाग, दक्षिणेला दरवाजा, उरलेल्या तिन्ही भिंतींच्या मध्यावर एकेक बारादरी, म्हणजे अनेक दारांचा खुला मंडप.

सरांनी तिथे नेलं तेव्हा आधीच बजावलं, "मिनार काढायचे नाहीत. फक्त पाट, वाफे आणि वाटा." आम्ही कुरकुरलो. घुमटाशिवाय घरी काय दाखवायचं? पण वरून बघितल्यासारखी बाग काढायला बसलो, तर दारापासून थडग्यापर्यंत कुणाला कसं चालवायचं, कुठे थांबवायचं, हे सगळं त्या रेघांनीच ठरवलेलं दिसलं. माझा कागद सरांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पाणी कुठून येतं ते दाखवलं नाहीस." मी परत उठलो आणि पाटाच्या कडेने चालायला लागलो.