अधिकार ज्याचा, निर्णयही त्याचाच

कायद्याच्या कलमात ‘अधिकाऱ्यास योग्य वाटेल त्याप्रमाणे’ असे शब्द दिसले की अर्जदाराला वाटते, आता सारे साहेबांच्या मर्जीवर आहे. आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळदा साहेबांनाही तसेच वाटते. विवेकाधिकाराविषयीचा, म्हणजे स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याच्या अधिकाराविषयीचा, हा गैरसमज फार जुना आहे, आणि न्यायालयांनी त्याला दिलेले उत्तरही नवे नाही.

इंग्लंडमधील १५९८ च्या रूक खटल्यात थेम्स नदीच्या बांधाच्या दुरुस्तीचा वाद होता. बांधांची व्यवस्था पाहणाऱ्या आयुक्तांना स्वविवेकाने खर्च वसूल करण्याची मुभा कायद्याने दिली होती. तिचा आधार घेऊन त्यांनी बांधालगतच्या एकट्या जमीनमालकावर सगळा बोजा टाकला, जरी बांध फुटला असता तर इतरांच्या जमिनीही पाण्याखाली गेल्या असत्या. ज्यांना धोका आहे त्या सर्वांनी खर्च वाटून घ्यावा, असे न्यायालयाने ठरवले. विवेक म्हणजे खरे आणि खोटे, योग्य आणि अयोग्य यांतला भेद ओळखण्याची समज. स्वतःची इच्छा आणि खाजगी लोभ-राग यांना तिथे स्थान नाही, असा या निकालाचा आशय त्या काळचे इंग्लिश कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी नोंदवून ठेवला आहे.

मर्जीप्रमाणे वागणारा अधिकारी निदान ओळखू तरी येतो. मला अधिक घातक वाटतो तो हातातला अधिकार वापरायलाच नकार देणारा. ‘वरून आदेश आहे’ या वाक्याआड तो सुरक्षित असतो. मुंबईत १९४७ साली पोलीस आयुक्तांनी एका चित्रपटगृहाच्या बांधकामाला परवानगी दिली आणि थोड्याच काळात ती रद्द झाल्याचे कळवले. पत्रात मात्र शासनाच्या निर्देशावरून हे कळवीत असल्याचे लिहिले होते. परवानगी रद्द करण्याचा संपूर्ण विवेकाधिकार नियमांनी आयुक्तांनाच दिलेला होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली तो आदेश मान्य केला नाही, कारण निर्णय आयुक्तांनी स्वतः विचार करून घेतलेला नव्हता. शासनाचे मत त्यांनी जरूर ऐकावे, पण ज्याच्यावर कायद्याने विश्वास टाकला त्यानेच स्वतःची बुद्धी वापरली पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे. आपल्याकडे हा निकाल वकिलांना पाठ असतो. कार्यालयांतून त्याचा फारसा परिणाम दिसत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मग प्रत्येक अर्जाचा विचार अगदी कोऱ्या पाटीने करायचा का? तसे झाले तर कारभार चालणार नाही, आणि सारख्या प्रकरणांत निरनिराळे निर्णय होऊन पक्षपाताला वाव मिळेल तो निराळाच. ब्रिटनच्या व्यापार मंडळाने, म्हणजे तिथल्या सरकारच्या व्यापार खात्याने, अनुदानासाठी असे धोरण ठेवले होते की २५ पौंडांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूंवर अनुदान द्यायचे नाही. ब्रिटिश ऑक्सिजन या कंपनीने प्रत्येकी सुमारे २० पौंडांचे वायूचे सिलिंडर विकत घेतले होते आणि त्यांवरचा एकूण खर्च ४० लाख पौंडांच्या वर गेला होता. तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७० साली कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. धोरण ठरवण्यात गैर काही नाही, फक्त एखादा अर्जदार खरोखर नवे काही सांगू पाहत असेल तर अधिकाऱ्याने कान बंद करू नयेत, एवढीच अट न्यायालयाने घातली. कंपनीच्या दृष्टीने तो निकाल कठोर होता, पण माझ्या मते बरोबरच होता. तिचे म्हणणे मंडळाने ऐकले होते, फक्त ते पटले नव्हते.