सुपरमॅनचे कागद

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रनमध्ये मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्गात बहुतेक जण नेपाळी बोलणारे भूतानी निर्वासित. १९९०च्या सुमारास भूतानमधून हुसकावलेले, मग पूर्व नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढून २००८नंतर इथे आलेले. त्या दिवशी भूतकाळाची क्रियापदं घ्यायची होती. पुस्तकातला जॉन सतत बाजारात जाऊन येतो, त्याचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. म्हणून मी सुपरमॅनची १९३८ सालची पहिली कथा छापून नेली. जेरी सीगल आणि जो शूस्टर या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी त्याला घडवलं ते जवळच, क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल भागात.

पहिल्या पानावर सगळी जन्मकथा भराभर उरकली आहे. एक ग्रह म्हातारपणाने नष्ट होतो, शास्त्रज्ञ बाप तान्ह्या मुलाला यानात घालून पृथ्वीकडे धाडतो, रस्त्याने जाणारा मोटारवाला त्याला अनाथालयात नेऊन देतो. (त्याला वाढवणारं केंट दांपत्य नंतरचं.) तिथे ते बाळ भलीमोठी खुर्ची डोक्यावर उचलून धरतं. या चित्रावर हशा पिकेल असा माझा अंदाज होता. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, “याचे कागद कुणी केले?”

मी पेटीतला कर्ण आणि बायबलमधला टोपलीतला मोझेस सांगायच्या तयारीने गेले होते. ते राहिलंच, कारण वर्ग क्लार्क केंटच्या, म्हणजे सुपरमॅन ज्या साध्या बातमीदाराच्या वेषात वावरतो त्याच्या, चष्म्यावर जाऊन बसला. छावणीतल्या शाळेत गणित शिकवलेले एक गृहस्थ इथे रात्रपाळीला गोदामात खोकी भरतात. ते म्हणाले, “हा मान खाली घालून साहेबाचं ऐकून घेतो. बरोबर आहे. मीही तेच करतो.” शेजारच्या ताईंना हे अजिबात पटलं नाही. एवढी ताकद असून दबून राहायचं, तर ताकद हवी कशाला? मी पानं उलटून दाखवलं: याच कथेत तो बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला चांगला धडा शिकवतो. ताईंनी ते पान मोठ्याने, अडखळत, दोनदा वाचलं. क्रियापदं सगळी बरोबर.

मग आजोबा पुन्हा बोलले, हिंदी-नेपाळी मिसळून. “त्याचा मुलूख फुटून गेला, ते एका परीनं बरं. परत जायचा प्रश्नच नाही. आमचा तिथेच आहे.”

सुपरमॅन म्हणजे तारणहार, सुपरमॅन म्हणजे अमेरिकन स्वप्न, असं पुष्कळ वाचलं होतं. हे कुठे वाचलं नव्हतं. मला उत्तर सुचेना, म्हणून मी सीगल-शूस्टर या दोन पोरांच्या पैशांकडे वळले. तेरा पानांचे, पानाला दहा डॉलरप्रमाणे, १३० डॉलर मिळाले आणि त्यातच सुपरमॅनचे सगळे हक्क कंपनीकडे गेले. तेव्हा दोघेही २३ वर्षांचे. ज्या चेकमधून ते पैसे आले, तोच पुढे २०१२मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला गेला.

आता मात्र वर्ग खवळला. वकील नव्हता का? वाचलं नाही का? गणिताच्या सरांनी पानाच्या कडेला आकडेमोड सुरू केली. ताईंनी पिशवीतून घराचा भाडेकरार काढून माझ्यासमोर ठेवला. सोमवारी सही करायची होती. उरलेला तास आम्ही अनामत रकमेचं कलम वाचण्यात घालवला. भूतकाळ पुढच्या आठवड्यावर गेला.