कठड्याचं काम चार दिवसांचं, सह्यांचं आठ महिन्यांचं

शाळेच्या वाटेवरची आमची विहीर जमिनीला सपाट. श्रावणात पाणी वरपर्यंत येतं आणि गवत असं माजतं की काठ कुठं संपला तेच कळत नाही. पुतण्या चेंडूमागे त्या गवतात शिरला, वहिनीनं मागून शर्ट धरला म्हणून वाचला.

त्याच आठवड्यात कठड्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. पोच शिक्क्यासकट मागून घ्या, मला पुढे तीच कामाला आली.

मग सुरू झालं, विहीर कुणाची? ग्रामसेवक म्हणाले, "खाजगी विहिरीवर पंचायतीचा पैसा टाकता येत नाही, तलाठ्यांना भेटा." तलाठी म्हणाले, "कठडा आमच्याकडे येत नाही." तीन महिने याच दोन खुर्च्यांमध्ये गेले. शेवटी डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मीच काढला. इतर हक्कात 'सामाईक विहीर', हिस्सेदार पाच. सगळ्यांची संमती आणली तर ठराव घेऊ, असं तेव्हा कुठं ग्रामसेवकांच्या तोंडून निघालं.

चार सह्या एका संध्याकाळी झाल्या. पाचवे काका सुरतला. फोन केला की "बघू." चैत्रात यात्रेला आले तेव्हा खरं बोलले, "पंचायतीचा पैसा लागला की विहीर पंचायतीची होणार, मग माझी पाण्याची पाळी?" एवढंच होतं! संमतीपत्रात एक ओळ वाढवली, 'मालकी व पाण्याची पाळी पूर्वीप्रमाणे राहील'. काकांनी उभ्या उभ्या सही केली. ही ओळ कुणी पहिल्याच दिवशी सुचवली असती तर? अजून डोकं फिरतं.

1 मेच्या ग्रामसभेत ठराव झाला, पुढचं सुरळीत. तोवर आम्ही बाभळीच्या काट्या लावल्या होत्या. जुना पत्रा किंवा ताडपत्री मात्र टाकू नका, पोराला ती जमीनच वाटते. विहिरीच्या तोंडावर बसवायच्या जाळीच्या गजांत चार इंचांपेक्षा कमी फट ठेवायला सांगा, नाहीतर लहान डोकं आत जातं.

कठड्याला दोर बांधलेली ट्यूबही टांगलीय. कुणी पडलं तर आधी ती फेकायची, मागोमाग उडी नाही. बाहेर काढल्यावर पोट दाबत बसू नका. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबा, दुसऱ्यानं 108 लावायचा.

जाळीच्या झाकणाची किल्ली वहिनीकडे असते. मोटार बिघडली की पाचही हिस्सेदार तिच्याकडूनच मागून नेतात.