बसल्यावर दिसणारी खाच

माझी इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतडे पोटावर बाहेर उघडणे, तातडीच्या शस्त्रक्रियेत झाली. रुग्णाला उभे करून, बसवून आणि वाकायला लावून स्टोमाची, म्हणजे आतड्याच्या त्या तोंडाची, जागा आधीच पोटावर आखून ठेवतात, पण माझ्या बाबतीत तेवढा वेळच नव्हता आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल.

माझा स्टोमा पोटाच्या वळीला लागूनच आहे आणि त्वचेच्या वर जेमतेम उचललेला आहे. लहान आतड्यातून येणारा स्राव पातळ असतो. त्यातले पाचकरस फ्लॅन्जखाली, म्हणजे स्रावाची पिशवी त्वचेला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीखाली, शिरले की त्वचा थोड्याच वेळात लाल होते, मग सोलवटते आणि ओलसर त्वचेवर पुढची पिशवी चिकटत नाही. माझी पिशवी कधी कधी दिवसातून तीनदा सुटत असे.

प्रत्येक तपासणीत मला टेबलावर झोपवत. झोपले की पोट सपाट होई, फ्लॅन्ज व्यवस्थित बसलेली दिसे, आणि सवय होईल असे सांगून मलम लिहून दिले जाई. ते तेलकट मलम लावल्यावर फ्लॅन्ज अधिकच सुटू लागली. 'मी बसते तेव्हा गळते, बसवून पाहा,' असे मी तीन वेळा सांगितले आणि तिन्ही वेळा पुढचा रुग्ण आत आला. त्या दिवसांची चीड अजून गेलेली नाही, कारण मागणी फक्त अर्ध्या मिनिटाची होती. चौथ्या वेळी मी झोपलेच नाही. टेबलाच्या कडेवर बसून पिशवी काढली आणि आता पाहा असे म्हटले. त्या दिवशी तेथे स्टोमा नर्स होत्या. बसताच स्टोमाच्या खालच्या बाजूला पडणारी खोल खाच त्यांना लगेच दिसली. काढलेली फ्लॅन्ज उलटी करून त्यांनी दाखवले, की चिकट थर दर वेळी नेमका त्याच बाजूला विरघळत होता.

पुढचे फार लवकर झाले. सपाट फ्लॅन्जऐवजी त्वचेकडच्या बाजूने फुगीर असलेली कॉन्व्हेक्स फ्लॅन्ज, खाच भरायला सील (मऊ चिकट कडे) आणि वर पट्टा. सोलवटलेल्या त्वचेवर स्टोमा पावडर भुरभुरून, जास्तीची झटकून, वर न झोंबणारी संरक्षक फिल्म लावायची आणि हे दोन-तीन थर द्यायचे, हेही त्यांनीच शिकवले. फ्लॅन्जचे भोक मी पहिल्या आठवड्यातल्या मापाने कापत होते. स्टोमा पहिले सहा ते आठ आठवडे आकसत जातो, म्हणून तोवर दर वेळी मोजावे आणि कडेला दोन-तीन मिलिमीटरच जागा ठेवावी. कॉन्व्हेक्स मात्र स्वतःच्या मनाने निवडू नये, विशेषतः स्टोमाजवळ हर्निया किंवा फुगलेल्या शिरा असतील तर.

फ्लॅन्जखाली आग किंवा खाज सुटली की वरून टेप लावून वेळ काढू नये. स्राव आत शिरलेला असतो, पिशवी तेव्हाच बदलावी. सकाळी, काही खाण्यापूर्वी बदलली तर स्राव कमी असतो. एक आठवले: अल्कोहोल असलेली पेस्ट सोललेल्या त्वचेवर भयंकर झोंबते. स्वच्छतेला साधे कोमट पाणी पुरते, आणि पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करावी. कडेला विखुरलेले लाल ठिपके दिसले तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. मला तो झाला होता आणि त्यावर डॉक्टरांकडून वेगळी पावडर घ्यावी लागली.

दहाव्या दिवशी त्वचा कोरडी झाली, आणि त्या रात्री मी एकदाही न उठता झोपले.