फॉर्मवर 'गृहिणी' लिहिलं होतं

बेळगावात कानाच्या तपासणीला आलेल्या पुरुषाला आमचा पहिला प्रश्न ठरलेला: "फौजेत होता काय?" मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच, गावोगाव माजी सैनिक. गोळीबारानं गेलेला कान मी आलेखावरूनच ओळखते. वयानं ऐकू येणं कमी होतं ते दोन्ही कानांत सारखंच, उतरणीसारखं घसरत जातं. आवाजाच्या मारानं ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच सुराला, खड्डा पडतो आणि ८००० ला रेघ पुन्हा थोडी वर येते.

बायकांना हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

गेल्या आठवड्यात खानापूरकडच्या एक आजी आल्या, वय ७७. फॉर्म सुनेनं भरलेला, व्यवसाय 'गृहिणी'. आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त 'वयोमानाने'. या शब्दाचा मला राग येतो, तपासायचा कंटाळा त्याखाली झाकला जातो. उजवा कान वयाला साजेसा निघाला. डाव्याला ४००० वर मी आवाज सोडलेलाही नसताना आजी बटण दाबायला लागल्या. म्हणजे कानात आधीच काहीतरी वाजत होतं. अशा वेळी आम्ही सलग सूर सोडून थरथरता सूर लावतो, तो कानातल्या आवाजापासून वेगळा ओळखू येतो. मी तो लावला.

आजींनी बटण टाकलं, हेडफोन ओढून काढला आणि बूथमधल्या दिव्याचं बटण भिंतीवर चाचपायला लागल्या.

मी दार उघडून हात धरला. बोटं गार पडली होती. "सायरन," म्हणाल्या. "वरखाली वाजला की विमानं आली. एकसुरी वाजला की गेली."

१९७१ ला त्या २३ वर्षांच्या, आर्मीत नर्सिंग ऑफिसर, पठाणकोटला. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी तिथल्या विमानतळावर हल्ला केला, पुढंही सायरन वाजतच राहिले. "खंदकात जा म्हणून ओरडायचे. पण पायाला वजनं टांगलेली पोरं खाटेवरच की! त्यांना टाकून कशी जाऊ?" एका रात्री बॉम्ब जवळ पडला. त्यांची डावी बाजू खिडकीकडं होती, तावदानं फुटून आत आली. तेव्हापासून डावा कान वाजतोय.

"इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी इचारलं न्हाई."

१९७८ ला लग्न झालं आणि नोकरी सुटली. लग्न केलं की नर्सिंग अधिकाऱ्याला सेवेतून काढायचा नियमच होता. तो १९९५ मध्ये मागे घेतला, आणि सुप्रीम कोर्टानं त्याला भेदभाव म्हटलं ते २०२४ मध्ये. तोवर आजींची ओळख 'गृहिणी' एवढीच उरली होती. सुनेला आपली सासू लेफ्टनंट होती हे त्या दिवशी माझ्या खोलीत कळलं.

राहिलेली तपासणी तुटक सुरावर केली. प्रत्येक आवाजाआधी, "आता बीप येईल, आजी," असं सांगत गेले.

सध्या क्लिनिक बंद झालं की जुन्या फायली काढून बसते. बाईचं नाव, डाव्या-उजव्यात फरक आणि खाली माझ्याच अक्षरात 'वयोमानाने' लिहिलेलं, अशा सात सापडल्या. चौघींना फोन लागलेत.