ताळा जुळला होता

दूध संस्थेच्या ऑडिटचा दुसरा दिवस होता. सचिवांनी बिलांचे प्रिंटआउट टेबलावर आणून ठेवले. मी एक्सेलची फाइल मागितली. ते म्हणाले, "साहेब, बँकेला गेलेल्या रकमेशी पैशापैशाचा ताळा जुळतोय, फाइल कशाला?" मी आग्रह धरला. कागदावर फक्त आकडे छापून येतात, ते कुठून आले ते फाइलच सांगते.

तेवढ्यात एक आजी खिडकीशी आल्या. "दुसरी म्हस याली, दूध दुप्पट घालतीया, पर पैसं हाय तेवढंच." हातात दुधाचं कार्ड होतं. सचिव म्हणाले, "आजी, फॅट कमी लागली असेल." मी त्यांचा सभासद क्रमांक विचारला.

त्यांच्या ओळीत लिटर ७१, दर ५२.४०, रक्कम २,०१७.४०. मनात गुणाकार केला तर साडेतीन हजारांच्या वर जायला हवं होतं. कंट्रोल धरून टॅबच्या वरची कळ दाबली. पडद्यावरचे आकडे गेले आणि त्यांच्या जागी सूत्रं उघडी पडली. रकमेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत लिटर गुणिले दर, त्याला राउंड, प्रत्येक ओळीत तेच. फक्त आजींच्या ओळीत नुसता आकडा, २०१७.४.

मागच्या फाइली उघडल्यावर उलगडा झाला. एका बिलाला दर ठरवण्यासाठी फॅट मोजणारं मशीन बंद होतं, म्हणून क्लार्कने रक्कम हाताने टाकली होती. दर दहा दिवसांनी जुनी शीट कॉपी करून लिटर आणि दर बदलायचे, ही तिथली पद्धत. तो आकडा त्याच शीटबरोबर पुढे येत राहिला, तीन बिलं. बेरीज मात्र चुकली नव्हती. बेरजेचं 'सम' हे सूत्र गणिताने आलेला आकडा आणि हाताने टाकलेला आकडा दोन्ही सारखेच मिळवतं. म्हणून बँकेचा ताळा जुळत होता आणि चूक कुणालाच दिसत नव्हती.

मग पूर्ण रकाना निवडला, एफ-५, स्पेशल, कॉन्स्टंट्स, म्हणजे सूत्राऐवजी नुसता आकडा असलेले चौकोन तेवढे निवडायचे. आणखी दोन चौकोन निवडले गेले. त्यातल्या एका सभासदाला जास्त पैसे गेले होते. ते वळते करून घेण्याचं काम अवघड होतं, ते संचालकांवर सोपवलं.

फाइलच मागायची सवय मला एका प्रकरणाने लावली. दोन अर्थशास्त्रज्ञांचा २०१० सालचा सरकारी कर्जावरचा निबंध जगभर गाजला होता. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यांची मूळ शीट मिळाली, तेव्हा सरासरीचं सूत्र पाच देश आधीच थांबलेलं सापडलं. छापील तक्त्यात ते दिसलं नसतं.

आजी बाकावर बसून होत्या. त्यांना आत बोलावलं. त्यांच्या कार्डावरची सकाळ-संध्याकाळची मापं मी वाचत गेलो, सचिव शीटमधल्या नोंदी मिळवत गेले. तीन बिलांचा फरक ५,१८७ रुपये ६० पैसे निघाला. सचिवांनी कसलीही सबब न सांगता व्हाउचर लिहायला घेतलं. आजी पडद्याजवळ वाकून म्हणाल्या, "कुठं अडाकलं हुतं, दाव की." मी तो चौकोन दाखवला. सूत्र खाली ओढल्यावर तिथला आकडा बदलला, ३,७२०.४०. त्यांनी कार्डावरची बेरीज पुन्हा एकदा बोटांवर मोजली आणि मान हलवली.